विमानानं आलेली निर्वासित

मी निर्वासित आहे, पण विमानानं आलेली. आमच्या लोकांत हे सांगायला जरा लाज वाटते. इथे कॅलिफोर्नियात आमच्या वयाची चार व्हिएतनामी माणसं जमली की पहिला प्रश्न "मुलं किती?" हा नसतो. "कुठल्या साली, कुठल्या होडीनं?" हा असतो. कुणी सांगतं, अठ्ठ्याहत्तर साली, बारा मीटरच्या होडीत साठ माणसं. कुणी सांगतं, तिसऱ्या दिवशी इंजिन बंद पडलं. मग माझी पाळी येते. मी म्हणते, ब्याण्णव साली, सायगावहून बँकॉक, बँकॉकहून टोकियो, खिडकीजवळची जागा. सगळे दुसरा विषय काढतात.

विमानात जेवणाचे वेगळे पैसे मागतील म्हणून मी पहिलं ताट परत पाठवलं. फुकट आहे असं कळल्यावर पुढच्या वेळी दोन मागितली, आणि लोण्याच्या अकरा पुड्या पिशवीत कोंबल्या. सॅन फ्रान्सिस्कोला उतरेपर्यंत त्या वितळून आमच्या सगळ्या सरकारी कागदांवर तेलाचे डाग पडले होते. ते कागद दोन बोटांत धरून खिडकीतल्या साहेबानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तेवढंच काय ते माझं समुद्रावरचं वादळ.

माझं नाव न्यान. न्यान म्हणजे भिंगरी. वडिलांच्या मनात पक्षी असणार, पण फिरतं ते माझं तोंड. वय सत्त्याहत्तर. नवऱ्याचं नाव कियेम, वय चौऱ्याऐंशी. हे दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात कॅप्टन होते, पण हवामान खात्यात. युद्ध कुणामुळे हरलो यावर म्हाताऱ्यांची जुंपली की हे हळूच म्हणतात, "मी फक्त पाऊस सांगत होतो. तोही पडत नव्हता."

पंचाहत्तर साली तीस एप्रिलला सायगाव पडलं, आमचे लोक त्याला काळा एप्रिल म्हणतात. जून महिन्यात नव्या सरकारनं अधिकाऱ्यांना फर्मान काढलं, महिनाभराचं सामान घेऊन हजर व्हा, शिकवणी आहे. मी ह्यांच्या बोचक्यात छत्री टाकली. ह्यांनी ती काढून ठेवली. म्हणाले, "महिन्याभरात विशेष पाऊस नाही." ते सात वर्षांनी घरी आले.

शिकवणीच्या नावाखालच्या त्या कैदेच्या छावणीत तीन वर्षांहून जास्त काढलेल्यांना अमेरिकेनं पुढे बायकामुलांसकट बोलावून घेतलं, त्यातून आम्ही आलो. म्हणजे कष्ट ह्यांनी काढले आणि तिकीट मलाही मिळालं. इथे वीस वर्षं मी एका कारखान्यात तारा जोडल्या, आता सॅन होजेच्या शेजारच्या एका लहानशा गावात म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी घरांत राहतो. तिसरा मजला, दोन खोल्या.

गेल्या मार्चमध्ये खांग भावोजी आले. मेजर खांग आमच्याकडच्या माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष. घरात आले तरी परेड मैदानात आल्यासारखे येतात. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"वहिनी, यंदा पन्नास वर्षं झाली. तीस एप्रिलला नगरभवनात ठराव वाचणार आहेत. आपला झेंडा चढवणार. आपल्या लोकांतर्फे एका बाईनं तीन मिनिटं बोलायचं आहे. तुमचं नाव पुढे आलंय."

"माझं? कुणी पुढे केलं?"

"त्रामनं."

त्राम आमच्याच मजल्यावर राहते, पलीकडच्या टोकाला. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बरीच वर्षं तिचं उसाच्या रसाचं दुकान होतं. ती ऐंशी साली होडीतून आली, एवढंच सगळ्यांना माहीत. निघाली तेव्हा ती चौघांबरोबर होती आणि मलेशियाच्या बेटावर उतरली तेव्हा एकटी, हेही माहीत. मधलं कुणाला माहीत नाही. दर एप्रिलमध्ये कुणी ना कुणी तिला विचारतं. वर्तमानपत्रवाले, विद्यापीठातली मुलं, मंडळ.

"ती का नाही बोलत?"

"गेलो होतो तिच्याकडे. तिनं माझ्यापुढे उसाच्या रसाचा पेला ठेवला. म्हणाली, प्या आणि घरी जा. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, न्यानताईला बोलवा. ती मयताच्या घरीसुद्धा गप्प बसत नाही."

आतल्या खोलीतून कियेमचं हसू ऐकू आलं. एरवी ह्यांना काही ऐकू येत नाही.

"भावोजी, पण मी विमानानं आले."

मेजरसाहेबांनी दाराकडे पाहिलं, जणू बाहेर कुणी कान लावून बसलंय. मग आवाज खाली आणून म्हणाले, "विमानाचा उल्लेख टाळावा."

खरं सांगायचं तर मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. पण नगरभवन, महापौर, माइक, फोटो! माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय आलं असेल तर निळा आओ-झाय, आमचा लांब अंगरखा, मुलीच्या लग्नात शिवलेला. खांग भावोजी लिफ्टपर्यंत पोचले नसतील, तोवर मी कपाटापुढे उभी होते. आओ-झाय अंगात चढला. बटणं काही लागली नाहीत. काखेपासून कमरेपर्यंत एक वीतभर फट राहिली, त्यातून देशप्रेम नव्हे, तीस वर्षांचं कंडेन्स्ड मिल्क घातलेली कॉफी दिसत होती.

पुढच्या आठवड्यात वी आली. वी ही नगरसेविकेच्या कार्यालयातली मुलगी, सत्तावीस वर्षांची, इथेच जन्मलेली, हुशार. माझं भाषण लिहून द्यायचं आणि त्या दिवशी शेजारी उभं राहून त्याचं इंग्रजी करायचं, हे तिचं काम. आमच्या भाषेत मी-तू म्हणायलाही नाती लागतात, आणि तिथे बिचारीची फार तारांबळ उडायची. मला आजी म्हणे, स्वतःलाही आजी म्हणे, आणि ह्यांना एकदा चक्क "बाळा" म्हणाली. हे दिवसभर खुशीत होते.

तिनं वही उघडली. "आजी, समुद्रात किती दिवस होतात?"

"चार."

तिनं लिहून घेतलं. "खूप भीती वाटली असेल."

"छे गं. लग्नानंतर फिरायला गेलो होतो, वुंग ताऊच्या किनाऱ्यावर. ह्यांनी रोज खेकडे खायला घातले."

वीनं लिहिलेलं खोडलं.

"मग नंतर, आजोबा छावणीत असताना? छळ झाला असेल ना तुमचा?"

"सासूबाई होत्या घरात."

"माझ्या आईबद्दल एक अक्षर बोलायचं नाही!" आतून आवाज आला. "देवमाणूस होती ती!"

वी हसली, पण पोरगी चिवट. म्हणाली, "आजोबांना भेटायला जायचात ना तुम्ही उत्तरेत? आईनं सांगितलंय मला, बायका तीन-तीन दिवस आगगाडीनं जायच्या. ते सांगा ना."

मी कॉफीचा पेला उचलला. त्यात काही नव्हतं. "गेले होते चार वेळा," मी म्हणाले. "सामान दिलं आणि आले. त्यात सांगण्यासारखं काही नाही."

सत्त्याहत्तर वर्षांत मला सांगण्यासारखं काही नाही असं म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी. आतल्या खोलीतून कियेमनं डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं.

चार दिवसांनी वीनं भाषण लिहून पाठवलं. मोठं सुंदर होतं. सुरुवात अशी: "मी समुद्राची लेक आहे. लाटांनी मला अंगाई गायली आणि वादळानं मला स्वातंत्र्याचा किनारा दाखवला." मी तिला फोन केला. "अगं, मी समुद्राची लेक कशी? माझे वडील शाळामास्तर होते." ती म्हणाली, "आजी, तुम्ही सगळ्यांच्या वतीनं बोलताय. मेजरसाहेबांनी पास केलंय."

पास केलंय म्हटल्यावर मीही पास केलं. फोटोत कुठे वाक्यं दिसतात? स्वयंपाकघरात कुकरसमोर उभी राहून मी सराव केला. पहिल्या दिवशी तीन मिनिटांच्या भाषणाला अकरा मिनिटं लागली, कारण लाटांनंतर मी आपल्या मनानं एक सुनामी घातली होती. ह्यांनी ती काढायला लावली. म्हणाले, "आमच्या किनाऱ्यावर तसलं कधी झालेलं नाही. मी खात्यात होतो." शिंप्यानं आओ-झायच्या दोन्ही बाजूंना निळ्या कापडाच्या पट्ट्या जोडून दिल्या. मी हात वर केले नाहीत तर कुणाला कळणार नाही, असं तो म्हणाला.

तीस एप्रिलला सकाळी दहाला आम्ही नगरभवनात जमलो. दीडेकशे माणसं असतील. आमचे जुने सैनिक गणवेशात आले होते. टोप्या त्याच, पण पँटी मात्र नव्या शिवलेल्या, कारण देश गेला तरी पोटं वाढायची थांबत नाहीत. बाहेर खांबावर जुन्या दक्षिणेचा पिवळा झेंडा चढला, तीन लाल पट्ट्यांचा. तेव्हा दरवर्षीप्रमाणे मला रडू आलं, आणि दरवर्षीप्रमाणे मी आधी रुमाल शोधला आणि मग रडले. आत वेदी मांडली होती, फुलं, फळं, पपनस. इमारतीत धूर करायला बंदी, म्हणून अगरबत्त्या विजेवरच्या. लाल टोकं नुसती लुकलुकत होती. खांग भावोजींनी त्यांना तीनदा वाकून नमस्कार केला, आणि एक अगरबत्ती विझली, सेल संपला होता.

महापौरांनी ठराव वाचायला घेतला. सरकारी ठराव जगात कुठेही गेलात तरी एकाच आईची लेकरं. ज्याअर्थी एकोणीसशे पंचाहत्तर साली अमुक झालं, ज्याअर्थी लाखो माणसं जिवावर उदार होऊन समुद्रात उतरली, ज्याअर्थी त्यातली कितीतरी पोचलीच नाहीत, ज्याअर्थी पोचलेल्यांनी या गावाची भरभराट केली. मी मोजत होते. सातव्या ज्याअर्थीनंतर एकदाचं त्याअर्थी आलं, टाळ्या झाल्या, आणि महापौरांनी माझं नाव असं काही उच्चारलं की मी मागे वळून कोण उठतंय ते पाहिलं. वीनं मला ढोसलं.

मी माइकसमोर गेले. हात खाली, पट्ट्या झाकलेल्या. कागद उघडला. पहिल्या रांगेत कियेम होते, ऐकण्याचं यंत्र नीट बसवत. खांग भावोजी शेजारी, ताठ. तिसऱ्या रांगेत कडेला त्राम.

"मी समुद्राची लेक आहे," मी वाचलं. वीनं इंग्रजी केलं. काहीजणांनी माना डोलावल्या.

"लाटांनी मला..."

माझं लक्ष त्रामकडे गेलं. ती रागावलेली नव्हती. तोंडावर काहीच नव्हतं. नुसती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. लाटांनी अंगाई गायली, हे मी त्रामच्या तोंडावर वाचणार होते. मी बेशरम आहे, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे, पण त्या क्षणी कळलं की माझ्या बेशरमपणालाही तळ आहे.

मी कागदाची घडी घातली.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "मी विमानानं आले. खिडकीजवळ बसून. समुद्र मी वरून पाहिला, तोही ढगांतून, आणि मधे झोप लागली होती."

वीनं माझ्याकडे पाहिलं. भाषांतर करू का नको? मी मान हलवली. तिनं केलं. महापौर सभ्यपणे हसले. खांग भावोजींच्या मानेची शीर मला तिथून दिसत होती.

आता थांबायला हवं होतं. थँक यू म्हणून खाली बसायला हवं होतं. पण माझी अजून दोन मिनिटं शिल्लक होती, आणि माइकनं माझा आवाज इतका छान मोठा केला होता. मी म्हणाले, "माझ्याजवळ समुद्राची गोष्ट नाही. गुळाची आहे."

आणि मग मी ते सांगितलं, जे शेहेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

एकोणऐंशी साली मला भेटीचा पहिला परवाना मिळाला. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. मी फुटपाथवर जुने कपडे विकत होते. दोन महिने काटकसर करून सामान जमवलं: मिठात परतलेला गवती चहा आणि तीळ, वाळवलेला भात, डुकराच्या मांसाचा सुका भुगा, तंबाखू, आणि उसाच्या गुळाच्या पाच वड्या. वडी साबणाएवढी. छावणीतून सुटून आलेला एकजण म्हणाला होता, आत सगळ्यात आठवण येते ती गोडाची. माणसं रात्री गोड पदार्थांची नावं घेत झोपतात. म्हणून गूळ.

गाडी तीन दिवसांची. माझ्यासाठी मी वेगळा भात बांधून घेतला होता, तीन दिवस पुरेल असा. तो मी पहिल्याच दिवशी संपवला. भूक होती म्हणून नाही. बाकावर बसून कंटाळा आला म्हणून. दुसऱ्या दिवशी पुढे रूळ खचला म्हणून गाडी चौदा तास एका माळावर उभी राहिली. आता खरी भूक लागली. मी सामान नीट आहे का ते बघायला पिशवी उघडली. गुळाच्या एका वडीचा कोपरा तुटून भुगा झाला होता. तो भुगा मी चाटला, वाया गेला असता. मग ती वडी एका बाजूला वाकडी दिसायला लागली. नवऱ्याला वाकडी वडी काय द्यायची, म्हणून दुसरा कोपरा सारखा केला. सारखी करता करता वडी संपली. चार राहिल्या. चार हा आकडा आमच्यात अशुभ. म्हणून चौथी.

"तुम्ही हसताय," मी सभागृहाला म्हणाले, कारण मागून हसू यायला लागलं होतं, "पण मी त्या वेळी खरंच असा विचार करत होते. दर वडीला माझ्याकडे कारण होतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी दीड वडी उरली होती. मी त्या दीड वडीकडे बघत बसले. ही नेऊन दिली तर काय सांगू? चोरी झाली म्हणावं, तर चोर दीड वडी ठेवून जातो का? थाप पटायला हवी. म्हणून तीही खाल्ली.

मग स्टेशन, मग ट्रक, मग बारा किलोमीटर चालत. भेटीची वेळ पंधरा मिनिटं. लांबच लांब टेबल, अलीकडे मी, पलीकडे ते, टोकाला पहारेकरी. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांच्या शेजारून आलेल्या माणसाकडे बघून हसले. मग हे म्हणाले, "इकडे."

मुलांचं विचारलं. आईचं विचारलं. मग सामानावरून हात फिरवला, एकेक पुडकं चाचपत. आणि अगदी हळू, लहान मूल विचारतं तसं विचारलं, "गूळ आणलास?"

मी म्हणाले, "आणला होता हो. गाडीत चोरीला गेला."

ह्यांनी पुडकी एकावर एक नीट रचली. मग म्हणाले, "असू दे. चोरालाही भूक असेल."

मी सभागृहाला म्हणाले, "ती चोर मी. पुढच्या तीन खेपांना मी दुप्पट गूळ नेला, एक कण खाल्ला नाही. पण त्यानं काही होत नाही. बस, एवढीच गोष्ट. मला माफ करा, तीन मिनिटांच्या वर गेलं असेल."

वीचं भाषांतर मागे पडलं होतं. ती घाईघाईनं ओढत आणत होती. तेवढ्यात चौथ्या रांगेतून कुणीतरी उठलं. खांग वहिनी. मेजरसाहेबांची बायको, साठ वर्षांच्या संसारात कुणी तिचा मोठा आवाज ऐकला नाही.

"मी वाळलेली मासळी खाल्ली होती!" ती म्हणाली. "अख्खी जुडी! आणि ह्यांना सांगितलं, महाग झाली, परवडली नाही!"

हशा असा उसळला की माइक शिट्टी मारायला लागला. मेजर खांग यांनी पूर्ण मागे वळून बायकोकडे पाहिलं, सावधान सोडून. दुसरी एक बाई ओरडली, "मी अर्धी साखर खाल्ली आणि वजन भरायला उरलेलीत पाणी घातलं!" तिसरी म्हणाली, "मी तंबाखू विकून चप्पल घेतली, रस्त्यात तुटली होती!" साठ-सत्तर वर्षं सभ्य म्हणून जगलेल्या म्हाताऱ्या बाकांवरून उठून कबुलीजबाब देत होत्या. महापौरांनी वीला विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, "जेवणाबद्दल बोलतायत."

मग शेवटच्या रांगेतली एक बाई उठली. तपकिरी ब्लाउज, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचा आवाज बारीक होता, त्यामुळे लोक एकेक करत गप्प झाले.

"मी काहीच खाल्लं नाही," ती म्हणाली. "तीन दिवस उपाशी राहिले, सगळं जपून नेलं. दारावर म्हणाले, तो मागच्या महिन्यात गेला. सामान परत दिलं. परतीच्या गाडीत ते सगळं मी खाल्लं. सगळं. मला कुणी सांगितलं नव्हतं की अशा वेळी भूक लागते."

आणि ती खाली बसली.

कार्यक्रमपत्रिकेत एक मिनिट मौन आधीच होऊन गेलं होतं, आणि त्यात दोन फोन वाजले होते. आता कुणी सांगितलं नाही. वी भाषांतर करायला तोंड उघडून तशीच राहिली. महापौरांना एक अक्षर कळलं नव्हतं, तरी ते उभे राहिले. माझे हात केव्हा तोंडाशी गेले मला कळलं नाही. दोन्ही काखांतल्या पट्ट्या उसवून आल्या होत्या.

बाहेर गाड्या लावायच्या जागी खांग भावोजींनी मला गाठलं. "काळ्या एप्रिलच्या दिवशी हशा," ते म्हणाले. "वहिनी, पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं." ते खरंच दुखावले होते. मी त्यांची माफी मागितली आणि ती खोटी नव्हती. ज्यांनी माणसं पुरली त्यांना त्या दिवशी हसू नको असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. वीही आली. तिचे डोळे लाल होते. मी म्हणाले, "तुझं भाषण छान होतं गं." ती म्हणाली, "नव्हतं, आजी." आणि या वेळी स्वतःला नात म्हणाली. बरोबर.

त्रामनं आम्हाला तिच्या गाडीतून घरी आणलं. वाटेत एवढंच म्हणाली, "ताई, बरं झालं लाटांपाशी थांबलीस." मी तोंड उघडलं, तर म्हणाली, "आता बोलू नकोस." मी बोलले नाही.

घरी आल्यावर कियेमनं टोपी काढली, यंत्र कानातून काढलं, पुन्हा घातलं.

"पाचही?"

"पाचही."

"ती शेवटची दीडसुद्धा?"

"हो."

मला वाटलं होतं हे हसतील. इतकी वर्षं झाली. किंवा म्हणतील, मला ठाऊकच होतं. मुलीनं तर फोनवर तसंच सांगितलं, बाबांना ठाऊकच असणार. अजिबात नव्हतं.

"त्या चोराला," हे म्हणाले, "त्या चोराला मी तीन वर्षं रोज रात्री शिव्या घातल्या. रोज! झोपण्याआधी. अंग सडो म्हणालो, गुडघे मोडोत म्हणालो. बराकीतल्या चाळीसजणांना सांगितलं. तेही घालायचे."

"पण तुम्ही तर म्हणालात, चोरालाही भूक असेल."

"शेजारी पहारेकरी बसला होता! त्याच्यासमोर काय म्हणणार होतो?"

चाळीस माणसांच्या तीन वर्षांच्या शिव्या. मी सोफ्यावर बसले आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं. डॉक्टर आपले म्हणत होते, वजन कमी करा.

नऊ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी उठून कॉफीच्या दुकानात जात, तिथे खांग भावोजीही बसलेले असत. मासळीवाल्या बाईचा नवरा आणि गूळवालीचा नवरा, समोरासमोर, मुकाट. दुकानदारीण मला फोन करून सांगायची की आजही दोघांनी एकेकच पेला घेतला आणि बुद्धिबळाची एक चाल तासभर केली. मी रोज त्यांच्या आवडीचं करत होते, कढईतला मासा, आंबट सार. हे जेवत, ताट धुऊन ठेवत आणि जात. मी एकटीच बोलत राही. पण ह्यांचा विरोध नसेल तर बोलण्यात मजा येत नाही.

दहाव्या दिवशी सकाळी हे गेले नाहीत. मी कॉफी पुढे ठेवली. हे खिडकीतून बाहेर पाहत होते.

"त्या ट्रकनं तुला कुठे सोडलं?" हे म्हणाले.

"कुठला ट्रक?"

"तू परवा म्हणालीस ना. स्टेशन, मग ट्रक, मग बारा किलोमीटर चालत. मला कुठे ठाऊक होतं चालत? मला वाटायचं, बस वगैरे असेल." ह्यांनी पेल्यातला चमचा फिरवला. "आम्हाला बंद ट्रकमधून नेलं, अंधारात. पुढे दक्षिणेतल्या छावणीत हलवलं तेही तसंच. मी तो रस्ता पाहिलेलाच नाही."

शेहेचाळीस वर्षांत ह्यांनी कधी विचारलं नव्हतं. खरं म्हणजे मीही त्यांना विचारू दिलं नव्हतं. रस्ता निघाला की गूळ निघाला असता.

"एका बाजारापाशी सोडलं," मी म्हणाले. "तिथून लाल मातीचा रस्ता."

"कुठल्या दिशेला?"

"दिशा मला काय विचारता? मला इथल्या लिफ्टमधून बाहेर पडल्यावर कुठे वळायचं ते कळत नाही."

"वारा कुठून येत होता?"

मी आठवलं. "समोरून. गार होता. डोक्याचा रुमाल सारखा मागे उडायचा."

"महिना?"

"डिसेंबर."

"मग ईशान्येकडे तोंड," हे म्हणाले, आणि कॉफीचा घोट घेतला. "पुढे?"

"पुढे बांबूचं रान. आम्ही सहा बायका होतो. एकीजवळ छत्री होती, पण ती उघडत नव्हती. मग एक ओढा आला, कमरेइतका."

"एवढं पाणी डिसेंबरमध्ये नसतं."

"होतं."

"नसतं. कोरडा महिना तो. गुडघ्याइतकं असेल."

"अहो, मी त्यातून चालत गेले! सामान डोक्यावर घेऊन!"

"तू बुटकी आहेस. म्हणून तुला कमरेइतकं."

त्या दिवशी आम्ही त्या ओढ्यापाशीच अडलो. साडेदहाला ह्यांची दाताच्या डॉक्टरकडे वेळ होती, आणि अजून अंघोळ व्हायची होती.